मागच्या साली काय भावानं विकला?

फोन बहुतेक दुपारी येतो, जेवणानंतर. तिकडून बोलणारी व्यक्ती घाईत असते, कारण तिच्या यादीत अजून चाळीस नावं असतात. एकूण अनुभव किती, त्यातला जावाचा किती, सध्या कुठल्या शहरात, हे विचारून झालं की तीन प्रश्न एका दमात येतात: करंट सीटीसी, एक्स्पेक्टेड सीटीसी, नोटीस पिरियड. आयटीत चार वर्षं काढलेल्या कुणालाही झोपेतून उठवून हे तीन प्रश्न विचारा, उत्तरं मिळतील. ते आता प्रश्न वाटतच नाहीत. रेल्वेच्या फॉर्मवर वय आणि लिंग लिहावं तसे आकडे आपण सांगून टाकतो.

२०२२च्या सुरुवातीला मीही सांगून टाकले होते. २०१९ मध्ये कॅम्पसमधून एका मोठ्या कंपनीत ३ लाख ४० हजारांवर लागलो होतो, तीन वर्षांत ४ लाख ६० हजारांवर आलो होतो. एक्स्पेक्टेड? आदल्या रात्री रूममेटशी बोलून मी साडेसहा ठरवलं होतं. सहा म्हणावं की साडेसहा यावर आमचा तासभर वाद झाला होता. साडेसहा म्हणताना माझा आवाज थोडा बारीक झाला असणार. पलीकडून दोन सेकंदांत उत्तर आलं, "ओके, दॅट शुड बी फाइन."

ज्यांनी कधी काही विकलंय त्यांना त्या दोन सेकंदांचा अर्थ लगेच कळतो. मला कळायला आठ महिने लागले. त्याच जागेसाठी कंपनीने १० ते १३ लाखांची तरतूद केली होती. माझ्या शेजारी बसणारा, माझ्याच इतक्या अनुभवाचा, माझेच पुल रिक्वेस्ट तपासणारा आणि मी ज्याचे तपासायचो तो मुलगा ११ लाखांवर आला होता. तो माझ्यापेक्षा हुशार नव्हता, मीही त्याच्यापेक्षा नव्हतो. त्याचा आधीचा पगार साडेआठ होता, माझा ४.६. फरक एवढाच.

दिवाळीला घरी गेल्यावर आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे सांगितलं. आमची निफाड तालुक्यात साडेतीन एकर जमीन आहे, कांदा लासलगावला जातो. आण्णांना सीटीसी समजावून सांगायला पाच मिनिटं लागली. मग त्यांनी एकच विचारलं, "पण मागच्या साली काय भावानं इकला, हे त्याला कशाला पायजे? त्याला माल आजचा घ्यायचाय ना?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे.

*

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव कसा होतो ते ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ट्रॅक्टर-ट्रॉल्या रांगेत उभ्या असतात. व्यापारी आणि लिलाव पुकारणारा माणूस एकेका ट्रॉलीपाशी येतात. कांदा हातात घेऊन बघतात, दाबतात, एखादा फोडतात. मग बोली सुरू होते, ती मोठ्याने. आकडा पहिल्यांदा तोंडातून काढतो तो घेणारा. आजूबाजूला पन्नास शेतकरी ऐकत असतात. संध्याकाळी समितीचे दर जाहीर होतात: किमान, कमाल, सर्वसाधारण. दुसऱ्या दिवशी ते पेपरात असतात, आता मोबाइलवर लगेच येतात. चाळीत कांदा राखून ठेवलेला शेतकरी ते बघून ठरवतो, उद्या ट्रॉली भरायची की थांबायचं.

ही व्यवस्था आपोआप आलेली नाही. जुन्या बाजारांत रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी सौदा व्हायचा. जनावरांच्या बाजारात अजूनही कुठेकुठे दिसतो. काय भाव ठरला ते फक्त त्या दोन हातांना ठाऊक. शेजारच्याला कळत नाही, शेतकऱ्यालाही पुष्कळदा धड कळत नाही. बाजार समित्यांच्या कायद्यांनी शेतमालाचा हा झाकलेला सौदा बंद करून उघडा लिलाव आणला. महाराष्ट्राचा कायदा १९६३चा आहे.

लासलगावचं गुणगान मी करत नाहीये. व्यापारी संगनमत करतात. लिलावात एक भाव बोलतात आणि खळ्यावर माल खाली करताना 'खालचा कांदा बारीक निघाला' म्हणून पाडतात. निर्यातबंदी एका रात्रीत येते आणि भाव झोपतात. आण्णांनी कांदा रस्त्यावर ओतलेलाही मी पाहिलाय. तरी त्या बाजारात तीन गोष्टी पक्क्या आहेत. आकडा आधी घेणारा बोलतो. तो सगळ्यांसमोर बोलतो. आणि मागच्या वर्षी तुला काय मिळालं होतं, हे तो विचारत नाही.

आयटीच्या भरतीत या तिन्ही गोष्टी उलट्या आहेत. आकडा विकणाऱ्याने आधी बोलायचा. तो एकट्याच्या कानात बोलायचा. आणि मागच्या वर्षी काय मिळालं होतं, ते पुराव्यासकट दाखवायचं: शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप, फॉर्म १६, जमल्यास बँकेचं स्टेटमेंट. क्लाउड, एआय, मायक्रोसर्व्हिसेस सगळं आमच्याकडे आहे. सौदा मात्र रुमालाखाली.

*

आता माझ्या बाजूचा भाग, जो सांगायला मला आवडत नाही.

२०२३ पासून मीही मुलाखती घेतो. त्यामुळे रुमालाच्या दुसऱ्या बाजूला काय असतं ते मी पाहिलंय. जागा निघते तेव्हा तिचं बजेट आधीच मंजूर झालेलं असतं. पदाचा एक बँड असतो, किमान आणि कमाल. तो एचआरकडे असतो, मॅनेजरकडे असतो, फायनान्सकडे असतो. ज्याला तिथे काम करायचंय तो सोडून तो सगळ्यांकडे असतो. म्हणजे 'तुमची अपेक्षा काय?' हा प्रश्न माहिती मिळवण्यासाठी नसतो. उत्तराची पट्टी समोर ठेवूनच तो विचारला जातो. उमेदवार त्या पट्टीच्या किती खाली समाधानी होईल, एवढंच त्यातून बघायचं असतं.

आमच्या टीममध्ये दोन जागा होत्या. बँड १२ ते १६ लाखांचा. पाच जणांच्या मुलाखती मी घेतल्या, त्यात सगळ्यात चांगली होती मराठवाड्यातल्या एका कॉलेजातून आलेली मुलगी. चार वर्षांचा अनुभव, पेमेंट्सच्या प्रणालीवर काम केलेलं. एकच व्यवहार दोनदा कापला जाऊ नये म्हणून काय काय करावं लागतं, हे तिने फळ्यावर इतकं स्वच्छ मांडलं की मीच दोन गोष्टी शिकलो. माझ्या अभिप्रायात मी 'नक्की घ्या' असं लिहिलं. मग एचआरच्या शीटवर तिची ओळ आली. करंट ५.२, एक्स्पेक्टेड ७.५.

कॉलवर कुणीतरी हसलं. वाईट हेतूने नव्हे, स्वस्तात चांगली वस्तू मिळाल्यावर हसतात तसं. "७.८ देऊ या. पन्नास टक्के हाइक आहे, खूश होईल." मी म्यूटवर होतो. म्यूट काढून 'बँड बारापासून सुरू होतो' एवढं वाक्य बोलायला चार सेकंद लागले असते. मी नाही बोललो. बजेट वाचलं तर वर्षाअखेरीस आमच्याच टीमला बरं, असं काहीतरी त्या वेळी डोक्यात होतं. दुसऱ्या जागेवर त्याच आठवड्यात एक मुलगा साडेचौदावर आला.

ती खरोखरच खूश होती. पहिल्या दिवशी तिने पेढे आणले. मीही घेतला.

पुढच्या जुलैत रिटर्न भरायच्या दिवसांत जुनी करप्रणाली बरी की नवी, यावर जेवणाच्या टेबलावर चर्चा चालली होती, आणि त्या मुलाने हिशोब मांडताना आपला आकडा सहज बोलून दाखवला. संध्याकाळी ती माझ्याकडे आली. "तुम्हाला माहीत होतं का?" मी हो म्हणालो. ती पुढे काही बोलली नाही. मला त्यापेक्षा भांडलेली चालली असती.

चार महिन्यांनी तिने नोकरी सोडली. जाताना सांगत होती, नव्या कंपनीनेही तिन्ही स्लिपा मागितल्या. तोवर एक वाढ होऊन तिचा पगार ८.६ झाला होता. ज्या कॉलवर मी गप्प बसलो, त्या कॉलचा आकडा घेऊन ती पुढच्या दारात उभी होती, आणि तिथले लोक तिला सांगत होते की आमची पॉलिसी जास्तीत जास्त तीस टक्क्यांची आहे.

*

हे 'करंटवर तीस टक्के' प्रकरण ऐकायला निष्पक्ष वाटतं. सगळ्यांना सारखेच टक्के. पण आपण इंजिनिअर आहोत, गुणाकार करून बघू. एकीची सुरुवात साडेतीन लाखांवर, दुसऱ्याची सातवर. दोघांनी तीनदा नोकरी बदलली, दर वेळी तीस टक्के मिळाले. ती पोचते ७.६९ वर, तो १५.३८ वर. साडेतीन लाखांचं अंतर ७.६९ लाखांचं झालं. तीन नोकऱ्या, तीन नोटीस पिरियड, आठ-दहा वर्षं खर्चून ती जिथे पोचली, साधारण तिथून तो निघाला होता.

मग त्या पहिल्या आकड्यात असं काय पवित्र असतं? तो कसा ठरतो ते आठवा. तुमच्या कॉलेजात कोणत्या कंपन्या आल्या, त्यावरून. कॉलेज कशावरून, तर बारावीच्या आणि सीईटीच्या मार्कांवरून, आणि पुण्याला होस्टेलवर ठेवण्याची घरच्यांची ऐपत होती की नाही त्यावरून. कोणत्या वर्षी पास झालात त्यावरून: २०२० ला बाहेर पडलेल्यांची जॉइनिंग लांबली, दीड वर्षाने बाहेर पडलेल्यांच्या दारात कंपन्या उभ्या होत्या. ढीगभर भरती करणाऱ्या कंपन्यांचा फ्रेशरचा पगार दशकभराहून जास्त काळ साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळतो आहे. त्या आकड्यात तुमचं काम कुठेच नाही, कारण तेव्हा तुम्ही काही काम केलेलंच नव्हतं. तरी अठ्ठाविसाव्या वर्षी, पस्तिसाव्या वर्षी तुमची किंमत करताना तोच पाया धरला जातो. सातबाऱ्यावर आजोबांचा बोजा राहून जावा आणि नातवाला कर्ज मिळू नये, तसं.

अमेरिकेत या प्रश्नावर एक खटला गाजला. कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नो काउंटीच्या शिक्षण कार्यालयात आयलीन रिझो ही गणिताची तज्ज्ञ म्हणून २००९ मध्ये लागली. कार्यालयाचा नियम साधा होता: आधीचा पगार अधिक पाच टक्के, आणि तो वेतनश्रेणीत जिथे बसेल ती पायरी. ती ॲरिझोनातून आली होती, तिथला पगार इतका कमी की पाच टक्के मिळवूनही तो सगळ्यात खालच्या पायरीपेक्षा कमी भरला. तिला पहिली पायरी मिळाली. २०१२ मध्ये सहकाऱ्यांबरोबर जेवताना तिला कळलं की नव्याने आलेला पुरुष सहकारी नवव्या पायरीवर लागलाय. पुन्हा जेवणाचंच टेबल. अपील न्यायालयाने २०१८ मध्ये तिच्या बाजूने निकाल दिला. पण निकाल लिहिणारे न्यायमूर्ती तो जाहीर होण्याच्या काही दिवस आधी वारले होते, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो रद्द करून परत पाठवला. २०२० मध्ये अपील न्यायालयाने पुन्हा तेच सांगितलं: आधीचा पगार हे स्त्रीला त्याच कामासाठी कमी पगार देण्याचं समर्थन होऊ शकत नाही. नियम लिहिणाऱ्याने कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. सगळ्यांना सारखेच पाच टक्के होते.

*

या विषयावर इंटरनेटवर सल्ल्यांचा पूर आहे. आधी आकडा सांगू नका. सांगावाच लागला तर रेंज सांगा. रेंजचा खालचा आकडा तुमचा खरा आकडा ठेवा. मार्केट रिसर्च करा. दुसरी ऑफर हातात ठेवून बोला. बोलून झाल्यावर गप्प राहा, शांततेची भीती वाटू देऊ नका. हे सगळे सल्ले बरोबर आहेत. मी ते वापरलेत, मला त्यांचा फायदा झालाय. आणि माझं भांडण त्यांच्याशीच आहे.

पहिलं कारण. जो फॉर्म भरल्याशिवाय पुढे जाताच येत नाही, त्यात 'करंट सीटीसी'च्या चौकटीपुढे लाल चांदणी असते. तिथे 'चर्चेअंती' लिहिता येत नाही, फक्त आकडा चालतो. शून्य टाकलं तर गाळणी तुम्हाला तिथेच गाळते.

दुसरं. न सांगणं ही युक्ती थोड्यांनीच वापरली तर चालते. ज्याचा पगार चांगला आहे तो आनंदाने सांगतो, कारण त्याला त्याचा फायदाच आहे. मग जो सांगत नाही त्याचा पगार कमीच असणार, हे कुणीही ओळखतं. गप्प राहणं हेच उत्तर होऊन बसतं. प्रश्न विचारायलाच बंदी असल्याशिवाय एकेकट्याच्या गप्प बसण्याला अर्थ नाही.

तिसरं, आणि मला सगळ्यात जास्त टोचणारं. हे सल्ले भाव करण्याच्या कलेला गुणवत्तेचा दर्जा देतात. मला सांगा, डेटाबेसचं लॉकिंग समजणाऱ्या माणसाला घासाघीसही यायला हवी, हे कशावरून? ती कोणाला येते? ज्याच्या घरी कुणी आधी कॉर्पोरेटमध्ये होतं त्याला. ज्याला सहा महिने नोकरी नसली तरी घरचा हप्ता थांबत नाही त्याला. ज्याचं इंग्रजी फोनवर अडखळत नाही त्याला. मुलीने दोनदा आकडा वाढवून मागितला की शीटवर 'डिमांडिंग' असा शेरा पडलेला मी पाहिलाय. मुलाच्या नावापुढे त्याच वागणुकीला 'कॉन्फिडन्ट' लिहिलं होतं.

आणि आपले संस्कार. बाईला वय आणि पुरुषाला पगार विचारू नये, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पैशाचं बोलणं हलकं असतं, कामाकडे लक्ष द्यावं, पैसा मागे येतो. मध्यमवर्गाला ही सभ्यता वाटते. ऑफर लेटरमधलं, पगार कुणाला सांगायचा नाही हे कलम त्याच सभ्यतेचं टाइप केलेलं रूप आहे. शेजारच्या टेबलावर काय मिळतं ते आपल्याला कळू नये, यात आपली कसलीही लाज राखली जात नाही. रुमाल मात्र जागेवर राहतो. गंमत म्हणजे ज्या एचआरला मी तीन स्लिपा पाठवतो, त्यांना बँड विचारला की 'कॉन्फिडेन्शियल' हा शब्द ऐकू येतो.

'अपेक्षा' हा शब्दही बघा. मराठीत तो लग्नाच्या जाहिरातीत असतो. तिथेही ज्याची बाजू वरचढ तो म्हणतो, "आमची काहीच अपेक्षा नाही," आणि समोरच्याने ओळखून द्यायचं असतं. नोकरीत वरचढ बाजू आपल्यालाच विचारते, "तुमची अपेक्षा काय?" ती मोजायचं मापही त्यांचंच. सीटीसीत कंपनी भरते तो पीएफ असतो, विम्याचा हप्ता असतो, मिळेल न मिळेल असा व्हेरिएबल असतो, आणि मूळ पगाराच्या ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी असते, जी कायम नोकरीत एरवी पाच वर्षं टिकलात तरच हाती लागते. दोन-तीन वर्षांत नोकरी बदलणाऱ्या पिढीला ती दर वर्षी कागदावर दिली जाते. व्यापाऱ्याने वजनात गोणीसुद्धा धरावी, असा हा हिशोब.

*

आक्षेप मला ठाऊक आहेत. मॅनेजर मित्रांकडून ते ऐकलेत.

'अपेक्षा आधी विचारली नाही तर दोघांचा वेळ वाया जातो.' मान्य, शंभर टक्के. मग बँड जाहिरातीत छापा. चाळीस जणांना फोन करून त्यांचे आकडे विचारण्यापेक्षा स्वतःचा एक आकडा लिहायला कमी वेळ लागतो. तलाठ्याच्या भरतीच्या जाहिरातीत २५,५०० ते ८१,१०० अशी वेतनश्रेणी छापलेली असते. सदाशिव पेठेत अभ्यासिकेत बसलेल्या माझ्या मावसभावाला अर्ज करण्याआधी रुपयापर्यंत ठाऊक आहे की तो कशासाठी झगडतोय. त्या व्यवस्थेचे रोग वेगळे आहेत, पण हा एक त्यात नाही.

'आधीचा पगार हा गुणवत्तेचा पुरावा असतो.' मग चार फेऱ्यांच्या मुलाखती कशाला घेता? फळ्यावर लिहायला लावता, घरी करायला असाइनमेंट देता, आणि शेवटी किंमत मागच्या दुकानाच्या पावतीवरून ठरवता.

'पगार उघडे झाले की सगळ्यांचेच पगार दबतील.' हा आक्षेप गंभीर आहे. अमेरिकेत सहकाऱ्यांचे पगार विचारण्याचा हक्क देणाऱ्या कायद्यांनंतर खाजगी क्षेत्रातले पगार सरासरी २ टक्क्यांच्या आसपास घटल्याचं अर्थशास्त्रज्ञांनी दाखवलंय. एकाला वाढवून दिलं तर सगळ्यांना द्यावं लागेल, म्हणून मालक एकालाही देईनासा होतो. पण तोच अभ्यास पुढे सांगतो की जिथे कामगार संघटना जास्त होत्या तिथे ही घट कमी होती. म्हणजे नुसता उजेड पुरत नाही, उजेडात एकत्र उभं राहावं लागतं. अंधार बरा, असा त्याचा अर्थ नाही. आणि आधीचा पगार विचारण्यावर बंदी आलेल्या राज्यांबद्दल बोस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये मांडलेला निष्कर्ष असा: नोकरी बदलणाऱ्यांचे पगार सुमारे ५ टक्क्यांनी वाढले, स्त्रियांचे ८ आणि कृष्णवर्णीयांचे १३ टक्क्यांनी. ज्यांना मागचा आकडा सगळ्यात जास्त खाली खेचत होता, तेच सगळ्यात जास्त वर आले.

*

जगात हे होतंय. मॅसॅच्युसेट्सने २०१६ मध्ये कायदा केला, तो २०१८ मध्ये लागू झाला. न्यूयॉर्क शहरात ऑक्टोबर २०१७ पासून आणि कॅलिफोर्नियात जानेवारी २०१८ पासून उमेदवाराला आधीचा पगार विचारता येत नाही. कोलोरॅडोत २०२१ पासून जाहिरातीत पगाराची रेंज द्यावीच लागते. युरोपीय संघाने २०२३ मध्ये निर्देश काढला, त्यात दोन्ही आहे: मुलाखतीआधी रेंज सांगायची आणि आधीचा पगार विचारायचा नाही. सदस्य देशांना मुदत ७ जून २०२६ची.

हिंजवडीतल्या किंवा बाणेरमधल्या कुठल्याही बहुराष्ट्रीय कंपनीचं करिअर पेज उघडून बघा. त्याच टीमची, त्याच पदाची डेन्व्हरची जाहिरात बघा आणि पुण्याची बघा. डेन्व्हरच्या जाहिरातीत डॉलरमध्ये दोन आकडे आहेत. पुण्याच्या जाहिरातीत 'कॉम्पिटिटिव्ह सॅलरी' आणि बीन बॅगचे फोटो आहेत. म्हणजे त्यांना हे जमत नाही असं नाही. तिथे कायदा सांगतो म्हणून ते करतात, इथे कुणी सांगत नाही म्हणून करत नाहीत.

आपल्याकडे संविधानाच्या ३९व्या अनुच्छेदात स्त्री-पुरुषांना समान कामासाठी समान वेतनाचं तत्त्व आहे. समान वेतन कायदा १९७६चा. त्याची जागा घेणारी २०१९ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाली. लिंगावरून वेतनात भेदभाव करायला तिच्यात मनाई आहे. पण तो भेदभाव जिच्यातून दर नोकरीला पुढे सरकतो ती तीन स्लिपांची मागणी तिच्यात कुठेच नाही. दार बंद केलंय, खिडकी उघडी आहे.

म्हणून मागणी दोन ओळींची आहे. जाहिरातीत पगाराची रेंज छापा. आधीचा पगार विचारू नका, स्लिपा मागू नका. पुण्यात आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटना आहेत. त्या कर्मचारीकपात, सक्तीचे राजीनामे यांवर लढतात, आणि तेही गरजेचं आहे. पण ही मागणी त्यांच्या निवेदनात पहिल्या पानावर यायला हवी. कारण कपात काहींच्या वाट्याला येते, करंट सीटीसी सगळ्यांच्याच.

कायदा येईपर्यंत काय करायचं? उमेदवारांना मी फार काही सांगणार नाही. फोन आला की आधी विचारा, "या जागेचं बजेट काय आहे?" आश्चर्य वाटेल, दहातले तीन-चार जण सांगतात. न सांगणाऱ्यांचा फॉर्म भरावा लागला तर भरा. घरभाडं द्यायचंय, त्यात लाज नाही. पण मुलाखतीच्या टेबलापलीकडे बसणारे आपणही आता हजारोंनी आहोत, सत्ताविशी-तिशीतले, आणि हा लेख मुख्यतः तुमच्यासाठी आहे. त्या शीटवरचा बँड तुम्हाला दिसतो. उमेदवाराला तो सांगायला तुम्हाला कुठलाही कायदा अडवत नाही. अडवलंच तर फारतर पॉलिसी अडवेल, आणि आतल्या कॉलवर तोंड उघडायला तर तीही अडवत नाही.

मी गेल्या वर्षापासून एवढं करतो: ऑफरच्या चर्चेत उमेदवाराचा आकडा बँडच्या खाली दिसला की बँड मोठ्याने वाचून दाखवतो. पाच वेळा वाचला. तीन वेळा ऑफर वर गेली. दोनदा गेली नाही, आणि एकदा मॅनेजरने नंतर बाजूला घेऊन विचारलं की तू नक्की कुणाच्या बाजूने आहेस. पुढच्या अप्रेझलमध्ये त्याचा काय हिशोब होईल ते कळेलच.

त्या मुलीला मी मेसेज करून हे सांगितलं होतं. तिने निळ्या टिका दाखवल्या, उत्तर दिलं नाही. बरोबरच आहे. तिच्या स्लिपेवरचा आकडा त्याने बदलत नाही.